गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून: इंजेक्शन, मोजे आणि मालिशवाल्या बेन

दांडियाबाजारची_सून (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सासूबाईंच्या (वय ७१) उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. मागच्या आठवड्यात घरी आणलं. ऑपरेशन छान झालं, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. डिस्चार्जच्या वेळी हातात एक पिशवी दिली. तिच्यात पोटात टोचायची तयार भरलेली इंजेक्शनं (एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, रोज एक, ऑपरेशनपासून चौदाव्या दिवसापर्यंत), मांडीपर्यंतचे पांढरे घट्ट मोजे आणि पायाच्या व्यायामांचा गुजरातीत छापलेला एक कागद. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे सगळं, एवढंच कळलं. पुढचा पेशंट दारात उभा होता, त्यामुळे जास्त विचारायला वेळच मिळाला नाही.

घर आमचं जुनं, बडोद्याच्या दांडिया बाजारातलं. पुढे ओटा, मधे चौक, चौकात झोपाळा. आईंची खोली वरच्या मजल्यावर, पण सध्या त्यांना खाली देवघराशेजारी आणलंय. मे महिना, बाहेर ४२ अंश. अशात त्या मोज्यांवरून रोज सकाळी रामायण. "पाय आहे की लोणच्याची बरणी? किती फडकं बांधून ठेवशील?" असं म्हणतात आणि मी स्वयंपाकघरात गेले की वरची कड खाली गुंडाळून ठेवतात.

इंजेक्शन मीच देते. आमच्या ह्यांना सुई बघूनच घाम फुटतो. पण पोटावर जागोजागी जांभळे डाग पडलेत आणि आई आल्यागेल्याला ते दाखवतात. परवा शेजारच्या कोकिळाबेन बघून गेल्या आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पोळात, म्हणजे आमच्या गल्लीत, बातमी, की मी सासूला टोचून टोचून काळंनिळं केलंय.

आता माझे प्रश्न. हे डाग पडणं बरोबर आहे का? पुण्याच्या नणंदबाई म्हणतात, त्यांच्या जाऊबाईंचा गुडघा बदलला तेव्हा नुसती अ‍ॅस्पिरिनची गोळी दिली होती, "तुमच्याकडेच कसली इंजेक्शनं?" मग खरं काय? मोजे रात्रीही घालायचे का? गुडघ्याखाली हे एक जाड उशी ठेवतात, आईंना बरं वाटतं म्हणून. ते चालेल? पुढच्या महिन्यात पुण्याला भाच्याची मुंज आहे आणि आईंनी आत्तापासून साडी काढून ठेवलीय.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न मालिशवाल्या बेनचा. वर्षानुवर्षं दर मंगळवारी येतात, तिळाचं तेल गरम करून आईंचे पाय चोळतात. आईंची पोटरी कडक झालीय, दुखते, म्हणून त्यांचा धोशा चाललाय, "बेनना बोलाव, एका हातात मोकळी करतील." उद्या मंगळवार.

---

खंडेराव_मार्केट

आमच्या वेळी नव्हते असले मोजे आणि इंजेक्शनं. झोपाळ्यावर बसवा, पायाच्या अंगठ्याने हळूहळू झोका घ्यायला सांगा. बडोद्यात निम्म्या म्हाताऱ्यांचे पाय झोपाळ्याने शाबूत राहिलेत.

---

वॉर्ड_सोडलेली_सिस्टर

सगळ्यात आधी उद्याचा मंगळवार. बेनना आजच फोन कर. पोटरीला हात लावायचा नाही. दुखणारी, कडक झालेली पोटरी म्हणजे आत गुठळी असू शकते, आणि ती चोळली तर सुटून रक्ताबरोबर वर जाते. पायाच्या मोठ्या शिरेतून पोटात, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि पुढे फुप्फुसात. तिथे अडकली की माणूस बसल्या जागी जाऊ शकतो. हे घाबरवायला लिहीत नाही, वॉर्डात बघितलंय म्हणून लिहिते. शिवाय पोटरी "कडक झालीय, दुखते" हे तू मालिशच्या ओघात लिहून गेलीस. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. उद्याची वाट बघू नको, आज सर्जनच्या दवाखान्यात फोन लाव आणि "एका पोटरीत दुखतंय, कडक लागतेय" हे शब्द वापरून सांग. बहुतेक ते डॉपलर करायला सांगतील. पोटावर करतात तसलीच सोनोग्राफी ती, फक्त पायाची. सुई नाही, काही नाही.

आता बाकीचं. मी कितीतरी वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली, आता निवृत्त आहे. डॉक्टर नव्हे, तेव्हा डोस वगैरे मला विचारू नका.

डाग पडतात गं. हे औषध रक्त पातळ ठेवणारं, सुईच्या जागी थोडं रक्त कातडीखाली पसरतंच. पण ते कमी करता येतं. आईंना आडवं कर किंवा मागे टेकवून बसव. बेंबीपासून दोन इंच लांब, कमरेच्या बाजूकडे जागा घे, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. जुन्या डागावर परत टोचायचं नाही. सिरिंजमध्ये हवेचा छोटा बुडबुडा असतो, तो काढायचा नाही. सगळेजण सवयीने सुई वर धरून टिचकी मारतात, त्यात औषधाचे दोन थेंब बाहेर जातात आणि ते कातडीला लागून जास्त काळं होतं. चिमटीत कातडीची जाड घडी धर, सुई सरळ उभी, पूर्ण आत. दट्ट्या हळूहळू दाब. सुई बाहेर येईपर्यंत चिमटी सोडायची नाही. आणि नंतर चोळायचं नाही! कापसाने नुसतं टेकवून धर. निम्मे डाग चोळण्याने पडतात. रोज ठरलेल्या वेळी दे. एखाद्या दिवशी राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नको, फोन करून विचार. सिरिंजचा डबा खिडकीत उन्हात नको आणि फ्रीजरमध्येही नको.

मोज्यांचं सांगते. वरची कड खाली गुंडाळली की तिथे दोरी बांधल्यासारखा वळ पडतो. रक्त वर जायला मदत व्हायची सोडून तिथेच अडतं. अर्धवट घातलेल्या मोज्यापेक्षा न घातलेला बरा. हे मोजे घोट्याशी जास्त घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारे असतात, म्हणून माप महत्त्वाचं. घोटा, पोटरी, मांडी मोजूनच दिले होते का ते बघ. सूज उतरली की माप बदलतं. सकाळी उठायच्या आधी, पाय सुजायच्या आत चढवायचे. रोज एकदा काढून पाय धुवायचे, पुसून कोरडे करायचे आणि टाच, घोट्याची हाडं, बोटं डोळ्यांनी बघायची. लाल चट्टा, फोड, बोटं गार किंवा निळी पडलेली दिसली तर मोजा परत घालायचा नाही आणि कळवायचं. आईंना साखर असेल, पायाला मुंग्या येत असतील, चालताना पोटऱ्या भरून येण्याचं जुनं दुखणं असेल, तर हे आधीच सांगायला हवं होतं, नसेल सांगितलं तर आता सांग. दोन जोड घे, एक वाळत असेल तेव्हा दुसरा.

उशी. आजपासून गुडघ्याखालची उशी बंद. गुडघा वाकलेलाच राहतो, मग सरळ होईना की फिजिओ रडतात. आणि गुडघ्यामागची शीर तिथेच दाबली जाते. पाय उंच ठेवायचा असेल तर उशी टाचेच्या आणि घोट्याच्या खाली, गुडघा सरळ. पहिले दोन दिवस आईंना हे आवडणार नाही.

व्यायाम म्हणजे तो गुजराती कागद, तोच खरा. पाऊल वर ओढायचं, खाली दाबायचं. पोटरी आवळली की तिच्यातल्या शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं, सुटली की परत भरतं. माणूस पडून राहिला की हा पंप बंद. जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा. आई मालिका बघत असतील तर जाहिराती लागल्या की पाऊल हलवायचं, असं ठरवून टाक, घड्याळ लागत नाही. आणि चालणं. दर तासाला वॉकर घेऊन खोलीपासून ओट्यापर्यंत जाऊन यायचं, भले चार मिनिटं लागोत. आपल्या घरांत काय होतं, माणूस ऑपरेशन करून आला की सगळे म्हणतात, "तुम्ही पडून राहा, हातात आणून देतो." ताट हातात, पाणी हातात, चूळसुद्धा पलंगावरच भरायची. प्रेमच असतं, पण वॉर्डात आम्ही ज्या माणसाला ओरडून ओरडून चालवलेलं असतं तो घरी जाऊन आठवडाभर झोपतो आणि गुठळी घेऊन परत येतो. गुठळीचा काळ दवाखान्यातल्या चार दिवसांपुरता नसतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती सगळ्यात जास्त सापडते, आणि बारा आठवड्यांपर्यंत धोका नेहमीपेक्षा जास्तच राहतो.

खंडेराव मार्केटवाले काका, झोपाळा आत्ता नको. बसायला खोल आणि उठताना हलतो. वॉकरवरची बाई त्यावरून पडली तर रक्त पातळ असताना डोक्याला मार लागेल. फिजिओ हो म्हणाले की खुशाल.

---

दांडियाबाजारची_सून

सिस्टर, फोन लावला. आज पाचला डॉपलर. बेनना सांगितलं, त्या रुसल्यात. येऊन लिहिते.

---

मांजलपूर_टाकीजवळ

तुमचं होईपर्यंत आमचं ऐका, कारण आमच्याकडे घरी आल्यावर इंजेक्शन, मोजे काहीच नसताना गुठळी झाली.

वडिलांच्या आतड्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं, कॅन्सरची होती. ऑपरेशन बरेच तास चाललं. दवाखान्यात असेपर्यंत पोटातली इंजेक्शनं होती, डिस्चार्जच्या दिवशी थांबली. कागदावर टाके कधी काढायचे, काय खायचं, लघवीच्या जळजळीची गोळी, सगळं होतं. पाय सुजला किंवा दम लागला तर काय करायचं याची एक ओळही नव्हती. दवाखान्याचं नाव घेत नाही, दुसरीकडेही असंच असेल. कॅन्सरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर ही इंजेक्शनं पुष्कळ ठिकाणी २८ दिवस देतात, हे आम्हाला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात वडिलांची डावी पोटरी दुखायला लागली. ऑपरेशन पोटाचं, पायाचा संबंधच काय, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी स्वतःच निदान करून टाकलं की सोसायटीत फेऱ्या मारल्या म्हणून गोळे येतात. रात्री गपचूप बाम लावायचे. आईला सांगितलं नाही, कारण रविवारी मित्रांबरोबर सेवउसळ खायला जायचं ठरलं होतं आणि आई पाठवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

शनिवारी जिना चढताना पहिल्या वळणावर थांबले. दम लागला. श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली टोचत होतं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. आम्हाला वाटलं हार्ट. १०८ ला फोन केला, गाडी आली, त्यातल्याच माणसाने बोटाला क्लिप लावली आणि ऑक्सिजन सुरू केला. दवाखान्यात ईसीजी, मग छातीचा डाय घालून सीटी. फुप्फुसाच्या नळीत गुठळी. पायाच्या डॉपलरमध्ये उरलेली गुठळी गुडघ्याच्या मागे दिसली.

आता ठीक आहेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, कॅन्सर असल्यामुळे त्या किती महिने घ्यायच्या ते डॉक्टर दर भेटीला बघतात. सकाळी कमाटीबागेत जातात.

म्हणून सगळ्यांना सांगतो. एका पायाची सूज, एका पोटरीत दुखणं, तिथे हात लावला तर गरम, कातडी लालसर. ऑपरेशन कुठल्याही अवयवाचं असो. आणि दम, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर, यातलं काही झालं तर डॉपलरच्या रांगेत उभं राहायचं नाही, थेट १०८.

---

अलकापुरी_८

डी-डायमरची (रक्तात गुठळीच्या खुणा शोधणारी) रक्ततपासणी करून टाका ना आधी, स्वस्तात होते. निगेटिव्ह आली की काळजी मिटली.

---

भूल_देणारा

बडोदा मेडिकल कॉलेजात शिकलो, भूलतज्ज्ञ आहे. इथे कुणाच्या आईचा उपचार ठरवत नाही, तो त्यांच्या सर्जनचा. पण दोन-तीन गोष्टींचा उलगडा करतो.

अलकापुरीकर, ऑपरेशननंतर डी-डायमर तसाही वाढलेलाच असतो, जखम भरत असते म्हणून. त्या आकड्यावरून गुठळी आहे असं म्हणता येत नाही. ऑपरेशन झालेल्या माणसात संशय आला की सरळ डॉपलर.

गुठळी का होते, तर तीन कारणं एकत्र येतात. ही तीन कारणं १९व्या शतकातल्या रुडॉल्फ फिर्खो या जर्मन डॉक्टरच्या नावाने शिकवतात. रक्त साचून राहणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्तच गोठायला जास्त तयार असणं. गुडघा बदलताना हे तिन्ही एकाच टेबलवर घडतं. पुष्कळ सर्जन मांडीला हवेचा पट्टा फुगवून रक्त थांबवतात, म्हणजे साचणं. हाड कापायचं, पाय वाकवायचा-फिरवायचा, म्हणजे इजा. आणि जखम झाली की शरीर आपणहून रक्त गोठवण्याच्या तयारीला लागतं, ते तर जीव वाचवायलाच. जुन्या अभ्यासांत काहीच प्रतिबंध न करता गुडघा-खुबा बदललेल्यांच्या शिरांचे फोटो काढले, तेव्हा ४० ते ६० टक्क्यांच्या पायात गुठळ्या सापडल्या होत्या. त्यातल्या बहुतेकांना काही त्रास नव्हता, गुठळ्या आपोआप विरघळल्या. त्रास होणारे थोडेच, पण ते थोडे कोण हे आधी कळत नाही.

पूर्वी गुठळी झालेली असणं, कॅन्सर, वजन जास्त असणं, वय, घरात कुणाला झालेली असणं, संततिनियमनाच्या किंवा हार्मोनच्या गोळ्या, नुकतंच बाळंतपण, बराच काळ अंथरुणात असणं, पायाच्या फुगलेल्या शिरा: हे भूलपूर्व तपासणीत विचारलं जातं. विचारलं नाही तर स्वतःहून सांगा. "काकूंना बाळंतपणात पाय सुजला होता" ही माहिती मला ईसीजीइतकीच उपयोगी पडते.

आता अ‍ॅस्पिरिन की इंजेक्शन. नणंदबाई खोटं सांगत नाहीत आणि तुमचे सर्जनही खर्च वाढवत नाहीत. यावर डॉक्टरांतच मतभेद आहेत. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना (२०१८) गुडघ्यासाठी दोन्ही मान्य करतात. अ‍ॅस्पिरिन १४ दिवस, किंवा इंजेक्शन १४ दिवस आणि घरी जाईपर्यंत मोजे, किंवा रिव्हरॉक्सॅबान ही रक्त पातळ ठेवणारी गोळी. त्याच वर्षी कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीत सगळ्यांना पहिले पाच दिवस रिव्हरॉक्सॅबान दिली. मग निम्म्यांना तीच पुढे, निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन. त्रासदायक गुठळ्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, एक टक्क्याच्याही खाली. मग २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाची चाचणी आली, ३१ रुग्णालयांतली. तिथे पहिल्या दिवसापासून अ‍ॅस्पिरिन विरुद्ध एनॉक्सापॅरिन. ९० दिवसांत त्रासदायक गुठळी अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ३.४५ टक्के, इंजेक्शनवाल्यांत १.८२ टक्के. फरक मुख्यतः गुडघ्याखालच्या लहान गुठळ्यांचा होता. माझं मत विचाराल तर सत्तरीच्या, फार न हलणाऱ्या बाईला पहिले दोन आठवडे इंजेक्शन ही निवड मला योग्य वाटते. पन्नाशीचा, सडपातळ, दुसऱ्या दिवशी जिना चढणारा माणूस असेल तर अ‍ॅस्पिरिनवर मी भांडणार नाही. कुठल्या जाऊबाईंना काय दिलं यावरून आपलं औषध बदलायचं नाही, एवढंच. आणि चौदा दिवसांची इंजेक्शनं अकराव्या दिवशी "आता बरी चालते" म्हणून थांबवायची नाहीत. हे सर्रास होतं.

मोज्यांबद्दल सिस्टरांचं सगळं बरोबर. भर एवढीच, की २०२० च्या एका ब्रिटिश चाचणीत इंजेक्शन चालू असलेल्या ऑपरेशनच्या पेशंटना मोजे घालून वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा ४२ अंशांत आजी आणि तुम्ही एकमेकींच्या जिवावर उठला असाल, तर सर्जनला मोकळेपणाने विचारा. ते सूट देतीलही. पण इंजेक्शन नको आणि मोजेही नको, असा सौदा नाही.

इंजेक्शन चालू असताना घरातल्या डब्यातली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, रक्तस्राव वाढतो. लिहून दिलेल्या असतील तर वेगळी गोष्ट. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवला आहे ना ते बघा. काळी डांबरासारखी शी, लघवीत रक्त, न थांबणारा घोळणा, जखमेतून पट्टी भिजेल इतकं रक्त, किंवा पडून डोक्याला मार, यातलं काही झालं तर पुढचं इंजेक्शन देण्याआधी फोन.

पाणी द्या. उन्हाळ्यात बायका वॉकरने बाथरूमला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. हे मी जवळजवळ प्रत्येक घरात बघतो.

---

खंडेराव_मार्केट

डॉक्टर, एक विचारतो, रागावू नका. ही इंजेक्शनं डुकराच्या आतड्यापासून करतात म्हणे. दांडिया बाजारच्या घरात देवघराशेजारी हे चालतं का?

---

भूल_देणारा

खरं आहे काका. हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात आणि एनॉक्सापॅरिन त्यापासूनच बनतं. रागावण्यासारखं काही नाही, हा प्रश्न हिंदू-जैन-मुसलमान सगळ्या घरांतून येतो आणि विचारायलाच हवा. ज्यांना नकोच त्यांच्यासाठी फोंडापॅरिनक्स नावाचं पूर्ण प्रयोगशाळेत तयार होणारं इंजेक्शन आहे, रिव्हरॉक्सॅबान आणि अपिक्सॅबानच्या गोळ्याही आहेत. मात्र आक्षेप ऑपरेशनच्या आधी सांगा. मधेच स्वतः बंद करून बसू नका.

---

दांडियाबाजारची_सून

आलो घरी. डॉपलर दोन्ही पायांचं केलं. गुठळी नाही! पोटरी कडक लागते ती ऑपरेशनची सूज आणि काळं पडलेलं रक्त खाली उतरलंय म्हणून, असं म्हणाले. सर्जनने इंजेक्शन चौदा दिवसांपर्यंतच चालू ठेवायला सांगितलं. मोजे दिवसा घालायचे, रात्री काढले तरी चालतील. दुखणं वाढलं किंवा सूज एकदम चढली तर पुन्हा दाखवायचं, कारण आज नाही म्हणजे पुढच्या आठवड्यात होणारच नाही असं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

डुकराचं आईंना सांगितलं. मला वाटलं आता उपास धरतात. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "आधी का नाही बोललीस? निम्मी तर टोचून झाली. राहिली तीही टोच, पण कोकिळेला सांगू नकोस."

बेनना मी उद्या बोलावलंय, फक्त खांदे आणि पाठ. पाय नाही. आईंनी कबूल केलंय, पण मी खोलीतच बसणार आहे.

एक राहिलं. ऑपरेशनचा पाय सुजणारच असेल तर सूज "एकदम चढली" हे ओळखायचं कसं? आणि मुंजीचं काय करू?

---

वॉर्ड_सोडलेली_सिस्टर

वा! जीव भांड्यात पडला.

सूज डोळ्यांनी बघू नको, मोज. शिंप्याची टेप घे. गुडघ्याच्या वाटीखाली पुढच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, तिथून दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पायांवर बॉलपेनने खूण कर. रोज सकाळी मोजे चढवायच्या आधी त्याच खुणेवर दोन्ही पोटऱ्यांचा घेर घे आणि कालनिर्णयवर लिहून ठेव. ऑपरेशनचा पाय जाड असणारच, पण आकडा हळूहळू खाली यायला हवा. तो उलटा चढायला लागला, किंवा चांगल्या पायाचाच वाढला, तर फोन. गुठळी बिनऑपरेशनच्या पायातही होते, हे लोक विसरतात. आणि आकडा ठीक आहे पण पोटरी वेगळीच दुखतेय, तरी फोन. टेपवर सगळं सोडू नको.

मुंजीचं उत्तर सर्जनकडूनच घे. तेव्हा जेमतेम पाच-सहा आठवडे झालेले असतील. हो म्हणाले तर मोटारीत पाय दुमडून बसवून नेण्यापेक्षा रेल्वे बरी. खालची बर्थ, तासा-दीड तासाने डब्यातल्या डब्यात एक फेरी, बसल्या बसल्या पाऊल वर-खाली, पाणी. आणि इंजेक्शनं तोवर संपलेली असतील, तर प्रवासापुरतं काही द्यायचं का हेही त्यांनाच विचार. घरी उरलेली सिरिंज पर्समध्ये टाकून निघू नको.

---

मांजलपूर_टाकीजवळ

कालनिर्णयची आयडिया वडिलांसाठी आजच सुरू करतो.

---

वॉर्ड_सोडलेली_सिस्टर

कर बाबा. आणि सूनबाई, वापरलेल्या सुया श्रीखंडाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात जमव, झाकण चिकटपट्टीने बंद कर आणि टाके काढायला जाल तेव्हा दवाखान्यात देऊन ये. कचऱ्याच्या गाडीत टाकू नको, त्या पोरांच्या हाताला लागतात.